मोबाइल ॲपच्या बिल्डमध्ये सोर्स रेपोतून येणाऱ्या शेअर्ड लायब्ररी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉगिन, पेमेंट, नेटवर्किंग, डिझाइनचे घटक असा कोड दोन-तीन ॲपना सारखाच लागतो, म्हणून तो वेगळ्या गिट रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवणाऱ्या भांडारात) जातो. तिथून तो प्रत्येक ॲपच्या बिल्डमध्ये आणताना जे अडतं, त्याबद्दल आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमची अट एकच: ॲपचा प्रत्येक बिल्ड लायब्ररीच्या नेमक्या कोणत्या कमिटवर (गिटमधल्या बदलाच्या नोंदीवर) उभा आहे, हे ॲपच्याच रेपोत लिहिलेलं हवं. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

१. लायब्ररी सोर्स रेपोतून घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? तयार पॅकेज घेण्यापेक्षा त्यात वेगळं काय?

तयार पॅकेज म्हणजे कोणीतरी आधीच कंपाइल करून मेव्हनसारख्या भांडारात ठेवलेली फाइल: अँड्रॉइडला एएआर, आयओएसला एक्ससीफ्रेमवर्क. सोर्स रेपोतून घेताना बिल्डच्या वेळी कोड गिटमधून येतो आणि तुमच्याच कंपायलरने, तुमच्याच सेटिंगने कंपाइल होतो. ब्रेकपॉइंट थेट लायब्ररीत लावता येतो, दुरुस्ती लगेच ॲपमध्ये दिसते. मात्र बिल्डचा वेळ वाढतो, आणि लायब्ररीचं बिल्ड टूल तुमच्या टूलशी जुळलंच पाहिजे (प्रश्न ८ आणि १५).

२. सबमॉड्यूल, पॅकेज मॅनेजर की तयार बायनरी? आमची सहा जणांची टीम आहे, दोन ॲप आहेत.

लायब्ररी रोज बदलत असेल आणि ॲपची माणसंच ती लिहीत असतील, तर सबमॉड्यूल (ॲपच्या रेपोत जोडलेला लायब्ररीचा रेपो) किंवा अँड्रॉइडच्या बिल्ड टूलचा, म्हणजे ग्रेडलचा, कॉम्पोझिट बिल्ड (ॲप आणि लायब्ररी एकत्र बांधणं) घ्या. आठवड्याला एखादा बदल होत असेल, तर टॅग (कमिटला दिलेलं आवृत्तीचं नाव) लावून पॅकेज मॅनेजरमधून घ्या: आयओएसला स्विफ्ट पॅकेज मॅनेजर, फ्लटरला पबचं गिट डिपेंडन्सी. लायब्ररी दुसरी टीम सांभाळत असेल, तर त्यांना खासगी मेव्हन भांडारात बायनरी प्रकाशित करायला सांगा.

तुमच्या आकाराच्या टीमला आम्ही एक मिश्र मार्ग सुचवतो. रिलीजचा बिल्ड नेहमी टॅग केलेल्या आवृत्तीवर करा आणि रोजच्या कामासाठी प्रत्येकाने आपल्या मशीनवर स्थानिक फोल्डर जोडावं. तो कसा जोडायचा ते अँड्रॉइडसाठी प्रश्न ७, आयओएससाठी प्रश्न ११ आणि फ्लटरसाठी प्रश्न १३ मध्ये आहे.

३. सबमॉड्यूल जोडला, माझ्याकडे सगळं चालतं. सहकाऱ्याने क्लोन केलं तर लायब्ररीचं फोल्डर रिकामं!

साधा क्लोन सबमॉड्यूल आणत नाही. क्लोन करताना '--रिकर्स-सबमॉड्यूल्स' द्यायचं. आधीच क्लोन झाला असेल, तर 'गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह' चालवायचं. लायब्ररीत आणखी सबमॉड्यूल असतील, तर 'रिकर्सिव्ह'शिवाय ते येणार नाहीत.

पुढचा त्रास पुलचा. सहकारी पुल करतो, पण सबमॉड्यूल जुन्याच कमिटवर राहतो आणि बिल्डमध्ये न सापडणाऱ्या फंक्शनची रांग लागते. यावर 'गिट कॉन्फिग सबमॉड्यूल.रिकर्स ट्रू' ही सेटिंग एकदा करून ठेवा. पुल आणि चेकआउट मग सबमॉड्यूलही हलवतात. क्लोनला मात्र ही सेटिंग लागू होत नाही. ही सेटिंग रेपोसोबत प्रवास करत नाही, म्हणून ती रीडमीमध्ये पहिल्या पायरीला लिहा.

४. सबमॉड्यूलमध्ये दिवसभर काम करून कमिट केलं, मग अपडेट चालवलं आणि सगळं गायब झालं. परत मिळेल का?

बहुतेक वेळा मिळतं. मूळ रेपो सबमॉड्यूलची ब्रँच लक्षात ठेवत नाही, फक्त एक ४० अंकी-अक्षरी कमिट हॅश ठेवतो. त्यामुळे अपडेटनंतर सबमॉड्यूल कुठल्याच ब्रँचवर नसतो. अशा 'डिटॅच्ड हेड' अवस्थेत केलेल्या कमिटला ब्रँचचा आधार नसतो, आणि पुढचा अपडेट हेड उचलून दुसरीकडे ठेवतो.

सबमॉड्यूलच्या फोल्डरमध्ये जा, 'गिट रिफ्लॉग' चालवा, आपल्या कमिटचा हॅश शोधा आणि त्यावर नवी ब्रँच काढा. कुठल्याही ब्रँचवरून न पोचता येणाऱ्या नोंदी गिट मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस ठेवतं, तेव्हा हे लगेच करा. फोल्डर पुसून नवा क्लोन करू नका, रिफ्लॉग त्याच क्लोनमध्ये असतो. यापुढे सबमॉड्यूलमध्ये काही टाइप करण्याआधी ब्रँचवर चेकआउट करायची सवय लावा.

५. सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) 'नॉट अवर रेफ' अशी चूक येते. कोड तर तोच आहे, माझ्या मशीनवर बिल्ड होतो.

तुम्ही ॲपचा रेपो पुश केला, पण त्यातला सबमॉड्यूल ज्या कमिटकडे बोट दाखवतो तो कमिट लायब्ररीच्या रेपोत पुश झालेला नाही. तो फक्त तुमच्या डिस्कवर आहे, म्हणून तुमच्याकडे चालतं. आधी लायब्ररी पुश करा, मग सीआय पुन्हा चालवा. कायमचा उपाय म्हणजे 'पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स' ही सेटिंग 'चेक' करणं. मग लायब्ररी पुश केल्याशिवाय ॲप पुश होणार नाही.

याच चुकीचं दुसरं कारण जरा लपलेलं असतं. लायब्ररीच्या पुल रिक्वेस्टला 'स्क्वॅश' करून (सगळे कमिट एका नव्या कमिटमध्ये मिळवून) मर्ज केलं आणि तिची ब्रँच पुसली, की ॲपने धरलेला जुना कमिट कुठल्याच ब्रँचवर राहत नाही. म्हणून ॲपमधला सबमॉड्यूल नेहमी मर्ज *झाल्यानंतर* मुख्य ब्रँचवर तयार झालेल्या कमिटवर न्या.

६. खासगी लायब्ररी सीआयला मिळत नाही. टोकन दिलं आहे, तरी 'रिपॉझिटरी नॉट फाउंड' येतं.

गिटहब ॲक्शन्स आपोआप देतं ते टोकन ज्या रेपोत काम चालू आहे तेवढ्यापुरतंच असतं. शेजारचा खासगी रेपो त्याला दिसत नाही, आणि परवानगी नसल्यावर गिटहब 'सापडला नाही' असंच उत्तर देतं. तीन मार्ग आहेत: लायब्ररीच्या रेपोवर फक्त वाचण्याची डिप्लॉय की, ठरावीक रेपोंपुरतं मर्यादित वैयक्तिक टोकन, किंवा संस्थेचं गिटहब ॲप. एक डिप्लॉय की एकाच रेपोला लावता येते, त्यामुळे लायब्ररी तीन असतील तर चाव्याही तीन लागतील आणि एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये प्रत्येकीला वेगळं होस्ट-नाव द्यावं लागेल. एवढं झालं की गिटहब ॲपच बरं पडतं. वैयक्तिक टोकन आम्ही शेवटी ठेवतो, कारण ते काढणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली की बिल्डही थांबतो.

एक्सकोडची गोष्ट वेगळी. 'एक्सकोडबिल्ड' स्वतःच्या पद्धतीने गिटशी बोलतं आणि तुमच्या गिट कॉन्फिगमधले पत्ते बदलणारे नियम पाहत नाही. '-एससीएमप्रोव्हायडर सिस्टम' दिलं की ते मशीनवरचं गिट आणि त्याच्या सेटिंग वापरतं.

७. अँड्रॉइडमध्ये लायब्ररी आणि ॲप एकाच खिडकीत एडिट करायचे आहेत. दर वेळी प्रकाशित करत बसावं का?

नको. 'सेटिंग्ज.ग्रेडल' मध्ये 'इन्क्लूडबिल्ड' लिहून लायब्ररीच्या स्थानिक फोल्डरचा पत्ता द्या. ॲपच्या डिपेंडन्सीच्या ओळीला हात लावायचा नाही. ग्रेडल गट आणि नाव जुळवून बायनरीच्या जागी सोर्स बसवतो.

हे करताना ग्रेडल आवृत्ती पाहतच नाही. ॲपने २.३.० मागितलं असेल आणि फोल्डरमध्ये तुमची अर्धवट ब्रँच असेल, तर अर्धवट ब्रँच बसते आणि कुठलीही सूचना येत नाही. म्हणून ही ओळ अटीत ठेवा: आपल्या होम फोल्डरमधल्या 'ग्रेडल.प्रॉपर्टीज' मध्ये विशिष्ट प्रॉपर्टी असेल तरच ती लागू व्हावी. 'शेजारी फोल्डर असेल तर जोड' अशी अट लिहू नका. सीआयच्या मशीनवर मागच्या कामाचं फोल्डर उरलेलं असतं आणि तेच रिलीजमध्ये शिरतं.

८. 'इन्क्लूडबिल्ड' लिहिलं, तरी ग्रेडल बायनरीच ओढतो.

लायब्ररीच्या बिल्डमध्ये 'ग्रुप' लिहिला आहे का, हे आधी पाहा. जुळवणी त्या गटावर आणि ग्रेडल *प्रोजेक्टच्या* नावावर होते. प्रकाशित करताना दिलेलं आर्टिफॅक्टचं नाव ग्रेडल विचारात घेत नाही. मॉड्यूलचं नाव 'कोअर' आणि प्रकाशित नाव 'कॉमन-कोअर' असेल, तर जुळणार नाही. अशा वेळी 'इन्क्लूडबिल्ड'च्या आत 'डिपेंडन्सीसबस्टिट्यूशन' मध्ये जोडी स्वतः लिहा. त्या बिल्डसाठी एक जरी जोडी लिहिली की आपोआप होणारी जुळवणी बंद पडते, म्हणून उरलेली मॉड्यूलंही तिथेच लिहा.

जुळवणी झाली पण अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या अनेक आवृत्त्या चालणार नाहीत अशी चूक आली, तर ॲप आणि लायब्ररीतलं ते प्लगइन एकाच आवृत्तीवर आणा. याला पळवाट नाही.

९. ग्रेडलला थेट गिटचा पत्ता देता येतो का?

येतो. ग्रेडल ४.१० पासून 'सोर्सकंट्रोल' ब्लॉकमध्ये रेपोचा पत्ता आणि त्यातून कोणतं मॉड्यूल निघतं ते लिहिता येतं. आवृत्ती लिहिली की त्या नावाचा टॅग शोधून ग्रेडल स्वतः बिल्ड करतो. सोय चांगली आहे, पण अँड्रॉइड प्लगइनच्या आवृत्त्या जुळण्याची प्रश्न ८ मधली अट इथेही लागू होते. मोठ्या ॲपसाठी आम्ही ती सुचवत नाही.

सार्वजनिक रेपोसाठी जिटपॅक जास्त वापरलं जातं. ते गिटहबवरचा टॅग घेऊन आपल्या सर्व्हरवर बिल्ड करतं. लायब्ररीत 'मेव्हन-पब्लिश' प्लगइन हवं, आणि अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८ असेल तर 'जिटपॅक.वायएमएल' मध्ये जेडीके १७ लिहावा लागतो. पहिली मागणी येते तेव्हा तिथे बिल्ड सुरू होतो, त्यामुळे तुमचा बिल्ड वाट पाहून पडू शकतो. टॅग लावल्यावर जिटपॅकच्या पानावर जाऊन तो एकदा बिल्ड करून घ्या.

१०. ब्रँचचं नाव दिलं तर बिघडतं काय? आणि टॅग तरी पक्का असतो ना?

ब्रँच दिली की आजचा आणि उद्याचा बिल्ड वेगळा निघू शकतो, ॲपमध्ये एकही ओळ न बदलता. ग्राहकाने क्रॅश कळवला तेव्हा लायब्ररीचा कोणता कोड त्या ॲपमध्ये गेला होता, ते शोधायला मार्ग उरत नाही. ग्रेडलमधल्या स्नॅपशॉट (नाव तेच ठेवून आतला कोड बदलत राहणाऱ्या) आवृत्त्यांचा दोष उलट्या बाजूचाही आहे. ग्रेडल त्या २४ तास कॅशमध्ये ठेवतो, म्हणून 'मी नवा स्नॅपशॉट टाकला, तुला का दिसत नाही' हा वाद होतो. '--रिफ्रेश-डिपेंडन्सीज' देऊन तो मिटतो, पण रिलीजमध्ये स्नॅपशॉट नसावाच.

टॅगही हलवता येतो. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स' या गिटहब ॲक्शनचे जुने टॅग हल्लेखोरांनी दुष्ट कमिटकडे वळवले. टॅगवर विसंबलेल्यांच्या सीआयमध्ये तो कोड चालला. पूर्ण हॅश लिहिणाऱ्यांना ते टॅग हलल्याने फरक पडला नाही. म्हणून बाहेरच्या लायब्ररीला पूर्ण ४० अक्षरी हॅश द्या, किंवा टॅग द्या आणि लॉक फाइल (प्रत्यक्ष घेतलेल्या आवृत्त्यांची नोंद) कमिट करा. स्विफ्ट पॅकेज मॅनेजर आणि पबच्या लॉक फाइलमध्ये हॅश असतो, ग्रेडलच्या लॉक फाइलमध्ये फक्त आवृत्ती असते. आपल्या लायब्ररीच्या टॅगना रेपोच्या नियमांत संरक्षण लावा. चुकीचा टॅग गेला, तर तो हलवू नका, पुढचा आकडा काढा.

लॉक फाइल कुठे असते, तर:
- आयओएस, स्विफ्ट पॅकेज मॅनेजर: 'पॅकेज.रिझॉल्व्ड', प्रोजेक्ट किंवा वर्कस्पेसच्या आत 'एक्ससीशेअर्डडेटा/स्विफ्टपीएम' मध्ये. 'एक्ससीवर्कस्पेस' सरसकट गिटइग्नोरमध्ये असेल, तर ही फाइल कधी कमिटच होत नाही.
- कोकोपॉड्स (आयओएसचा दुसरा पॅकेज मॅनेजर): 'पॉडफाइल.लॉक'. सीआयवर 'पॉड इन्स्टॉल --डिप्लॉयमेंट' चालवा, म्हणजे फाइल जुळत नसेल तर बिल्ड थांबेल.
- फ्लटर: 'पबस्पेक.लॉक', त्यात 'रिझॉल्व्ड-रेफ' खाली हॅश. सीआयवर 'पब गेट --एनफोर्स-लॉकफाइल'.
- ग्रेडल: मूळ सेटिंगमध्ये लॉक फाइल नसते. 'डिपेंडन्सीलॉकिंग' चालू करून '--राइट-लॉक्स' ने ती तयार करावी लागते.

लायब्ररीची स्वतःची लॉक फाइल ती वापरणाऱ्या ॲपला लागू होत नाही. ॲपची लॉक फाइलच चालते.

११. स्विफ्ट पॅकेज मॅनेजर म्हणतो की स्थिर आवृत्तीचं पॅकेज अस्थिर पॅकेजवर अवलंबून आहे. ॲपमध्ये तर ब्रँच चालते!

ॲप हे साखळीचं मूळ असल्याने त्याला ब्रँच किंवा कमिट देता येतो. पण टॅगने घेतलेल्या पॅकेजच्या आतलं पॅकेज ब्रँचने किंवा कमिटने मागता येत नाही. आतल्या पॅकेजला टॅग लावा, १.४.० सारखा पूर्ण तीन आकड्यांचा, आणि 'पॅकेज.स्विफ्ट' मध्ये तो लिहा.

तात्पुरतं काम करायचं असेल, तर ते पॅकेज स्थानिक फोल्डरमधून एक्सकोडच्या वर्कस्पेसमध्ये ओढून टाका. स्थानिक प्रत दूरच्या पॅकेजवर मात करते आणि एडिटही करता येते. कमिटपूर्वी ते काढायला विसरू नका.

१२. पॉडस्पेकमध्ये (पॉड म्हणजे लायब्ररीचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) गिटचा पत्ता लिहिला तर कोकोपॉड्स ऐकत नाही.

तशी सोयच नाही. दुसऱ्या पॉडचा गिट पत्ता, ब्रँच किंवा कमिट फक्त ॲपच्या पॉडफाइलमध्ये लिहिता येतो. पॉडस्पेकमध्ये नाव आणि आवृत्ती एवढंच. त्यामुळे खासगी लायब्ररी दुसऱ्या खासगी लायब्ररीवर अवलंबून असेल, तर दोन्ही पॉडफाइलमध्ये लिहा किंवा खासगी स्पेक रेपो ठेवा. नवं काम सुरू करत असाल, तर स्विफ्ट पॅकेज मॅनेजरकडेच जा. कोकोपॉड्सचं मुख्य भांडार डिसेंबर २०२६ पासून फक्त वाचण्यापुरतं राहील, असं त्यांनीच जाहीर केलं आहे.

१३. फ्लटरमध्ये एक पॅकेज गिटवरून घेतलं, तेच दुसरं पॅकेज पब.डेव्हवरून मागतं. दोन्ही जुळत नाहीत.

पबच्या दृष्टीने ही दोन वेगळी पॅकेजं आहेत, आवृत्ती एक असली तरी. ॲपच्या पबस्पेकमध्ये 'डिपेंडन्सी_ओव्हरराइड्स' लिहून गिटची प्रत सगळ्यांवर लादा. हे फक्त मूळ ॲपमध्ये चालतं, पॅकेजच्या आत लिहिलेलं दुर्लक्षिलं जातं. स्थानिक फोल्डरचा ओव्हरराइड मात्र 'पबस्पेक_ओव्हरराइड्स.यामल' या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती गिटइग्नोर करा.

१४. दोन लायब्ररींना एकाच तिसऱ्या लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्यात. कोण जिंकतं?

ग्रेडलमध्ये सर्वांत वरची आवृत्ती जिंकते, आणि बिल्ड मुकाट्याने पुढे जातो. त्या आवृत्तीतून फंक्शन काढलेलं असेल, तर ॲप चालताना 'नोसचमेथडएरर' येते. 'डिपेंडन्सीइनसाइट' टास्क त्या लायब्ररीच्या नावासह, 'रिलीजरनटाइमक्लासपाथ' देऊन चालवा. कोणामुळे कोणती आवृत्ती आली ते ओळीओळीने दिसतं. स्विफ्ट पॅकेज मॅनेजर, कोकोपॉड्स आणि पब जुळलं नाही तर बिल्डच थांबवतात. ते त्रासदायक वाटलं तरी अधिक सुरक्षित आहे.

आयओएसवर याचं एक भावंड आहे. एकच स्टॅटिक पॅकेज ॲपलाही लिंक केलं आणि ॲपच्या डायनॅमिक फ्रेमवर्कलाही, तर एकच क्लास दोन ठिकाणी असल्याची सूचना कन्सोलवर येते. ती सोडून देऊ नका. सिंगलटनच्या (ॲपभर एकच असायला हव्या अशा ऑब्जेक्टच्या) दोन प्रती तयार होतात आणि लॉगिन केलेला वापरकर्ता ॲपच्या अर्ध्या भागाला दिसत नाही. पॅकेजचं उत्पादन 'डायनॅमिक' करा किंवा ते एकाच ठिकाणी लिंक करा.

१५. कॉटलिन मेटाडेटा जुळत नाही अशी चूक कशामुळे?

लायब्ररीची बायनरी ॲपपेक्षा नव्या कॉटलिनने कंपाइल झाली आहे. कंपायलर आपल्यापुढच्या एका आवृत्तीपर्यंतचा मेटाडेटा वाचतो: १.८ ला १.९ चालतं, १.७ ला नाही. ॲपचं कॉटलिन वर न्या. तेच सोर्स ॲपच्याच कॉटलिन आवृत्तीने कंपाइल केलं, तर ही चूक टळते आणि नवी भाषा-वैशिष्ट्यं वापरली असल्यास तिच्या जागी कंपाइलची चूक येते.

१६. डीबग बिल्ड व्यवस्थित, रिलीजमध्ये लायब्ररीतच क्रॅश. का?

आर८ ने (रिलीजमध्ये कोड लहान करणाऱ्या अँड्रॉइडच्या टूलने) लायब्ररीच्या क्लासची किंवा फील्डची नावं बदलली आहेत. जेसन वाचणारा कोड रिफ्लेक्शनने नावं शोधत असेल, तर हेच होतं. नियम ॲपमध्ये चिकटवू नका. लायब्ररीच्या 'कंझ्युमरप्रोगार्डफाइल्स' मध्ये ठेवा, म्हणजे ते तिच्यासोबत प्रत्येक ॲपमध्ये जातील. सबमॉड्यूल म्हणून घेतलेल्या लायब्ररीत हे हमखास राहून जातं, कारण तिच्या रेपोत रिलीजचा बिल्ड कोणी करतच नाही. लायब्ररीच्या सीआयमध्ये 'मिनिफाय' चालू असलेलं एक छोटं नमुना ॲप ठेवा.

१७. 'लिबसी++_शेअर्ड.एसओ' दोनदा सापडली म्हणून पॅकेजिंग थांबतं. 'पिकफर्स्ट' लिहिलं तर चालेल ना?

बिल्ड पुढे जाईल, पण दोनांपैकी कोणती फाइल आली हे तुम्ही ठरवलेलं नसेल. नव्या एनडीकेने (अँड्रॉइडच्या सी/सी++ टूलकिटने) बांधलेली लायब्ररी जुन्या फाइलवर चालवायचा प्रयत्न झाला, तर ॲप उघडतानाच 'डीएलओपन फेल्ड' येतं. लायब्ररी सोर्समधून घेत असाल, तर सगळ्या नेटिव्ह मॉड्यूलांना एकच एनडीके आवृत्ती लिहा. मग दोन्ही फाइल एकाच एनडीकेच्या असतात आणि 'पिकफर्स्ट' निर्धोक ठरतो. सी-मेकच्या 'फेचकंटेंट'ने कोड आणत असाल, तर 'गिट_टॅग' मध्ये पूर्ण हॅश लिहा. हॅश दिल्यावर 'गिट_शॅलो' बंद ठेवावं लागतं.

याच फाइलींवर आता आणखी एक अट आहे. अँड्रॉइड १५ किंवा पुढच्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या ॲपना १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेवर १६ केबी मेमरी पेजचा आधार सक्तीचा आहे. एनडीके आर२८ तसं आपोआप बांधतं, आर२७ मध्ये लवचीक पेज आकाराचं फ्लॅग द्यावं लागतं. तपासायला 'एलएलव्हीएम-ऑब्जडम्प -पी' चालवून 'लोड'च्या ओळी पाहा: अलाइनमेंट २**१४ (२ चा १४ वा घात) किंवा अधिक हवी, २**१२ दिसली तर ती फाइल जुनी. तयार बायनरी असेल, तर तिच्या निर्मात्याकडून नवी घ्यावी लागेल. सोर्स हाती असेल, तर पुन्हा बांधता येते.

१८. लायब्ररीचा रेपो उद्या पुसला गेला किंवा हलला तर?

लॉक फाइलमधला हॅश कोड टिकवत नाही, फक्त ओळखतो. ज्या बाहेरच्या रेपोवर रिलीज अवलंबून आहे, त्याची प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवा: 'गिट क्लोन --मिरर', मग आपल्या रेपोत 'पुश --मिरर', आणि रोज रात्री अपडेट. मोठ्या फाइली एलएफएसमध्ये असतील, तर 'गिट एलएफएस फेच --ऑल' वेगळं चालवा, मिररमध्ये त्या येत नाहीत.

पत्ता बदलताना स्विफ्टमध्ये सावध राहा. पॅकेजची ओळख पत्त्याच्या शेवटच्या भागावरून ठरते, त्यामुळे तुम्ही फोर्क (रेपोची स्वतःची प्रत) घेतला आणि दुसऱ्या पॅकेजने मूळ पत्ता ठेवला, तर ओळखीचा संघर्ष होतो. 'स्विफ्ट पॅकेज कॉन्फिग सेट-मिरर' ने मूळ पत्त्याला आपला पत्ता जोडा. सबमॉड्यूलसाठी '.गिटमॉड्यूल्स' मध्ये पत्ता बदलला की 'गिट सबमॉड्यूल सिंक --रिकर्सिव्ह' प्रत्येकाने चालवायला हवं, नाहीतर जुन्या क्लोनमध्ये जुनाच पत्ता राहतो.